जे पानात नव्हतं

१८८२ च्या डिसेंबरात 'रियूजो' ही जपानी युद्धनौका न्यूझीलंड, चिली, पेरू असा लांबचा फेरा मारायला निघाली. नव्या खलाशांना दर्यावर्दी बनवण्याची ही सफर होती. वाटेत ना शत्रू होता, ना लढाई. जहाजावर ३७६ माणसं होती. परत येईपर्यंत त्यांतली १६९ आजारी पडली आणि २५ मेली. पेरू सोडून पॅसिफिक ओलांडताना तर जहाज चालवायलाच धड माणसं उरली नव्हती. होनोलुलूला नांगर टाकला, ताजं मांस आणि भाजीपाला चढवला, आणि उठता न येणारी माणसं हळूहळू पायावर उभी राहू लागली.

या आजाराला जपानी लोक 'कक्के' म्हणत. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो बेरीबेरी म्हणून भेटतो. सुरुवात पायांपासून होते. पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, पावलं बधिर पडतात. मग एक तर माणूस वाळत जातो आणि त्याचे पाय लुळे पडतात, किंवा अंगावर सूज चढते, धाप लागते आणि एखाद्या रात्री हृदय थांबतं. जपानात हा रोग जुना होता आणि त्याची एक चमत्कारिक ख्याती होती. खेड्यातले सामुराई चाकरीसाठी एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेले की त्यांना तो जडे आणि गावी परतले की बरा होई. त्यामुळे त्याला 'एडोचं दुखणं' असंही नाव पडलं होतं. गावाकडे भरड धान्य खाल्लं जाई आणि शहरात शुभ्र सडलेला भात मिळे. हा भात प्रतिष्ठेचा होता, म्हणून हा आजार गरिबांपुरताही राहिला नाही. चौदावे शोगुन इएमोची १८६६ मध्ये त्यानंच गेले, आणि खुद्द सम्राट मेइजींनाही तो छळत असे.

आरमारात तर दर तीन-चार खलाशांमागे एक दरवर्षी कक्केनं पडत होता. असं आरमार लढणार काय? हा प्रश्न ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरला सतावत होता. १८७५ ते १८८० तो लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकला होता. तिथं पाच वर्षांत जी गोष्ट त्याच्या नजरेस पडली नाही, ती त्याला महत्त्वाची वाटली. इंग्रज रोग्यांत कक्के नव्हताच. परत आल्यावर त्यानं जहाजांच्या नोंदी काढल्या. ऋतू, हवा, कपडे, झोपायच्या जागा यांतून काही निघेना. जेवणाशी आला तेव्हा धागा सापडला. खलाशांना शिध्याऐवजी रोख पैसे मिळत. भात पोटभर मिळायचा, तोंडीलावण्याचे पैसे मात्र बरेच जण वाचवून घरी धाडत. जवळजवळ नुसत्या पांढऱ्या भातावर दिवस काढणारे हेच लोक आजारी पडत होते.

ताकाकीनं जे मागितलं त्याला आजच्या भाषेत प्रयोग म्हणता येईल. १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे दुसरं जहाज 'रियूजो'च्याच वाटेनं पाठवायचं, फक्त जेवण बदलायचं. मांस, मासळी, पाव, डबाबंद दूध, डाळी. खर्चाच्या नावानं सरकारी खजिन्यात कुरकूर झाली, पण जहाज सुटलं. २८७ दिवसांची सफर झाली. कक्केचे १४ रुग्ण निघाले, मृत्यू एकही नाही. त्या चौदांतल्या बहुतेकांनी मांस किंवा दूध घ्यायचं नाकारलं होतं. पुढं खलाशी पावावर खूश नसत म्हणून ताकाकीनं १८८५ पासून भातात सातू मिसळायला लावला. सातू हे तुरुंगातलं आणि गरिबाघरचं धान्य, त्यामुळे नाकं मुरडली गेली. तरी दोन-तीन वर्षांत आरमारातून कक्के जवळजवळ नाहीसा झाला.

आता या यशातली मेख. ताकाकीचं स्पष्टीकरण चूक होतं. त्याच्या मते आहारात नायट्रोजन, म्हणजे प्रथिनं कमी आणि कर्बोदकं जास्त झाली की कक्के होतो. सातवानं रोग जात होता हे खरं, पण सातवातली थोडी जास्त प्रथिनं त्याला कारण नव्हती. उपाय बरोबर आणि कारण चूक, अशी ही स्थिती होती, आणि जपानी लष्करानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

लष्कराचे डॉक्टर जर्मन वळणाचे होते. त्या काळी वैद्यकाची काशी जर्मनीच होती, आणि तिथं चमत्कार घडत होते. कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, पाठोपाठ पटकीचा. शतकानुशतकं हवा, दैव, दृष्ट, पाप यांच्या खात्यावर घातलेले रोग एकेक करून काचेच्या पट्टीवर रंगवून दाखवता येत होते. पुढं १८९४ मध्ये येर्सिनला हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला, आणि दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिननं त्याच ज्ञानावर लस उभी केली. तेव्हा बेरीबेरीचाही जंतू असणार असं मानणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. १८८५ मध्ये टोकियोच्या ओगाता मासानोरीनं असा जंतू सापडल्याचं जाहीरही केलं. त्याला खोडून काढलं ते बर्लिनमध्ये कॉखच्या हाताखाली काम करणाऱ्या कितासातोनं. जंतुशास्त्राचा कस लावूनच हा जंतू बाद झाला होता, पण मायदेशात कितासातोची गणना मात्र कृतघ्नांत झाली, कारण ओगाता त्याचा जुना शिक्षक होता.

लष्कराची बाजू मांडणाऱ्यांत मोरी रिंतारो पुढं होता. जपानी वाचक त्याला मोरी ओगाई या नावानं ओळखतात. आधुनिक जपानी साहित्याच्या पहिल्या पंक्तीतला हा लेखक, गटेचा 'फाउस्ट' जपानीत आणणारा. जर्मनीत चार वर्षं शिकून आलेल्या मोरीनं सैनिकांना वेगवेगळा आहार देऊन मोजमाप केलं आणि निष्कर्ष काढला की उष्मांक आणि प्रथिनं या दोन्ही बाबतींत भात कुठंच कमी पडत नाही. हे मोजमाप खोटं नव्हतं. त्या काळच्या आहारशास्त्राला जे मोजता येत होतं ते त्यानं नीट मोजलं होतं. पण ज्याच्यावाचून माणसं मरत होती ते मोजायचं साधनच कुणाकडे नव्हतं, त्याला नावही नव्हतं. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस हाच वाटतो. तो आळशी नव्हता, अडाणी नव्हता. त्याचं शास्त्र त्याच्या काळापुरतं चोख होतं.

शिवाय देशातल्या काही पलटणींत डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर सातू सुरू केला होता. तुरुंगातल्या कैद्यांना सातूमिश्रित भात मिळतो आणि त्यांना कक्के होत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. तिथला आजार ओसरलाही. पण युद्ध सुरू झालं की वरून हुकूम येई, जवानांना पांढरा तांदूळ द्या. रणांगणावर जाणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला निदान पांढरा भात तरी मिळावा, या भावनेतही काही वावगं नव्हतं. १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या लढाईत लष्कराचे सुमारे ४ हजार लोक बेरीबेरीनं मेले. गोळी लागून मेले त्यांच्यापेक्षा हे जास्त. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात दोन लाखांवर सैनिक आजारी पडले आणि सुमारे २७ हजार दगावले. त्याच युद्धात त्सुशिमाची लढाई मारणाऱ्या आरमारात मात्र हा रोग नावापुरता होता. ताकाकीला १९०५ मध्ये सरदारकी मिळाली आणि लोक त्याला गमतीनं 'सातू-सरदार' म्हणू लागले.

इकडे डचांच्या ताब्यातल्या जावा-सुमात्रात दुसरी कथा चालू होती. सुमात्राच्या आचे प्रांतात डच फौज वर्षानुवर्षं लढत होती आणि बेरीबेरी तिला पोखरत होती. १८८६ मध्ये सरकारनं पेकेलहारिंग आणि विंकलर या दोघांना जंतू शोधायला बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पाठवलं. त्यांना एक जंतू सापडलासं वाटलं. ते १८८७ मध्ये मायदेशी परतले आणि लष्करी रुग्णालयातली दोन खोल्यांची प्रयोगशाळा क्रिस्तियान आइकमन या तरुण डॉक्टरकडे आली. त्याचं काम ठरलेलं होतं. जंतू पक्का करायचा. सशांवर, माकडांवर काही साधेना, तेव्हा त्यानं कोंबड्या घेतल्या. त्या स्वस्त आणि ठेवायला सोप्या.

१८८९ च्या जुलैत कोंबड्या आजारी पडल्या. त्या लडखडत चालू लागल्या, दांडीवर बसता येईना, पाय लुळे पडले, मान टाकली. लक्षणं बेरीबेरीसारखीच. आइकमनला आनंद व्हायचा, पण एक अडचण होती. ज्यांना जंतू टोचले होते त्याही आजारी आणि ज्यांना टोचले नव्हते त्याही. वेगळ्या खुराड्यात ठेवलेल्याही. मग नोव्हेंबरच्या शेवटी रोग आला तसा निघून गेला. नव्या कोंबड्या आजारी पडेनात, जुन्या बऱ्या झाल्या.

चौकशीत जे निघालं ते आइकमननं पुढं आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितलं. प्रयोगशाळेच्या नोकरानं काटकसर म्हणून जूनच्या मध्यापासून कोंबड्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला शिजवलेला भात घातला होता. नोव्हेंबरात तिथला आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायचं साफ नाकारलं. त्यांच्या नशिबी पुन्हा साधा असडीक तांदूळ आला आणि त्या वाचल्या. एका हिशेबी आचाऱ्यानं वैद्यकाला एवढी मदत केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आइकमननं मग पद्धतशीर खात्री केली. पांढऱ्या तांदळावर ठेवलं की कोंबडी आजारी, कोंडा दिला की बरी. तांदळाच्या दाण्यावरचं तांबूस पातळ साल, जे गिरणी घासून काढते, त्यात काहीतरी होतं. पण त्याचा अर्थ लावताना तोही आपल्या काळातच अडकला. त्याच्या मते तांदळाच्या पिठात एक विष असतं आणि सालात त्याचा उतारा. रोग म्हटला की बाहेरून काहीतरी शिरलेलं असलं पाहिजे, मग तो जंतू असो की विष, ही धारणा इतकी घट्ट होती की कोंड्यातला इलाज हातात असूनही त्याला अपराध्याचीच गरज भासली.

माणसांचं काय, हे पाहण्याचं काम आडोल्फ फोर्डरमान या वैद्यकीय निरीक्षकानं केलं. तो जावातल्या तुरुंगांवर देखरेख करत असे. कैद्यांना प्रत्येक ठिकाणी तिथल्या रिवाजाप्रमाणे तांदूळ मिळे. कुठं हातसडीचा तांबूस, कुठं पांढरा, कुठं मिश्र. १८९६ च्या सुमारास त्यानं १०१ तुरुंगांचा आणि पावणेतीन लाखांवर कैद्यांचा हिशेब गोळा केला. इमारत किती जुनी, फरशी कसली, हवा खेळती आहे का, गर्दी किती, हेही टिपून ठेवलं, म्हणजे नंतर कुणी त्यावर खापर फोडू नये. तांबूस तांदळाच्या ३७ तुरुंगांपैकी एकात बेरीबेरी निघाली. पांढऱ्या तांदळाच्या ५१ पैकी ३६ मध्ये. इमारतीचा, हवेचा काही संबंध दिसला नाही. फोर्डरमान डॉक्टर म्हणून फारसा प्रसिद्ध नाही, पण या सगळ्या कहाणीत मन लावून मोजणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

आइकमन आजारी होऊन १८९६ मध्ये हॉलंडला परतला. त्याची जागा हेरित ग्रेन्सनं घेतली. ग्रेन्सनं तांदूळ अजिबात न देता, खूप तापवलेलं मांस खाऊ घालून कोंबड्यांना तोच रोग आणून दाखवला. मांसात पिष्ट नाही, म्हणजे पिठातल्या विषाची गोष्ट तिथंच संपली. हिरव्या मुगांनी रोग बरा होतो हेही त्याला दिसलं. १९०१ मध्ये त्यानं लिहिलं की निसर्गातल्या अन्नात असे काही पदार्थ आहेत जे गेले तर मज्जातंतूंना अपाय झाल्यावाचून राहत नाही. म्हणजे काहीतरी आत शिरल्यानं नव्हे, तर काहीतरी न मिळाल्यानं माणूस मरू शकतो. हा लेख डच भाषेत छापला गेला आणि वर्षानुवर्षं फारसा कुणी वाचला नाही. स्वतः आइकमननंही हे म्हणणं मान्य करायला बराच काळ घेतला.

याच सुमारास मलायात एक कोडं होतं. कथिलाच्या खाणींतले चिनी मजूर बेरीबेरीनं पटापट मरत होते. रबराच्या मळ्यांवरचे तमीळ मजूर त्यांच्याहून गरीब, घाणीत राहणारे, तरी त्यांना हा रोग क्वचितच होई. दोघंही भातच खात. फरक असा होता की तमीळ लोक उकडा तांदूळ खात. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या रुग्णालयात फ्लेचर या डॉक्टरनं १९०५ पासून रुग्णांचे दोन गट केले, एकाला गिरणीचा पांढरा तांदूळ, दुसऱ्याला उकडा. पांढऱ्या तांदळाच्या गटात रोग पसरला, १८ जण मेले. उकड्याच्या गटात आजार आधीच घेऊन आलेले सोडता कुणी पडलं नाही. मग फ्रेझर आणि स्टँटन यांनी रस्त्यावरच्या मजुरांवर हेच पडताळून पाहिलं आणि रोगाचं मूळ तांदूळ घासण्यात आहे, ही गोष्ट १९०९ पर्यंत पक्की झाली.

सावंतवाडी, मालवण किंवा गोव्याच्या वाचकाला इथं नवल वाटणार नाही. भात म्हणजे साळ, टरफलासकट भिजवायची, उकडायची, वाळवायची आणि मग कांडायची, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. या उकडण्यात सालाखालचं पाण्यात विरघळणारं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे बेरीबेरीत उणं पडणारं तेच द्रव्य, दाण्याच्या आत शिरतं, दाण्याचा पिठूळ भाग घट्ट होऊन ते तिथंच धरून ठेवतो, आणि नंतर गिरणीनं साल काढलं तरी बरंचसं आत राहतं. उकड्याच्या पेजेला जुन्या वैद्यांनी दुबळ्याचा आधार मानलं, त्यामागे हे रसायन त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आणखी एक जाता जाता. ज्या घरात पेज पितात तिथं भाताच्या पाण्यातलं सत्त्व पोटात जातं. जिथं ते पाणी मोरीत ओततात तिथं उरलंसुरलंही जातं.

हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहत नाही, काही आठवड्यांपुरतंच असतं. पिष्टाचं ऊर्जेत रूपांतर करायला ते लागतं, त्यामुळे जितका जास्त भात खावा तितकी त्याची गरज वाढते. म्हणजे भरपेट खाणारा धडधाकट तरुण आधी पडायचा, हे डॉक्टरांना चक्रावणारं दृश्य त्यातून उलगडतं. आणि विसाव्या शतकाच्या आधीची काही दशकं सायगाव, बँकॉक, रंगूनमध्ये वाफेवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहत होत्या. उखळ-मुसळानं सडताना थोडा कोंडा राहायचा, गिरणी तो पूर्ण काढायची. पूर्वी श्रीमंताच्याच ताटात दिसणारा पांढरा भात आता खाणमजुराच्याही ताटात आला, आणि त्याच्या सोबतीला डाळ-भाजी घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते.

१९१२ मध्ये लंडनला काझिमिर फुंक या पोलिश रसायनशास्त्रज्ञानं बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस, पेलाग्रा हे सगळे एकाच जातीचे रोग असावेत, अभावाचे, असं मांडलं आणि त्या अज्ञात पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिलं. कल्पना कागदावर आली. तिचा सर्वांत कठोर पडताळा, कुणाचीही इच्छा नसताना, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, झाला.

१९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमारात ब्रिटिश जनरल टाउनशेंडला वेढलं. त्याच्या हाताखाली पुण्याची सहावी डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. एकाच वेढ्यात, एकाच गावात, एकाच उपासमारीत दोन फौजा दोन निरनिराळ्या रोगांनी आजारी पडल्या. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव आणि मांस मिळे. त्यांच्यात बेरीबेरी आली. देशी सैनिकांना आटा आणि डाळ मिळे. ते बेरीबेरीतून सुटले, पण त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, जुन्या जखमा उघडू लागल्या. ही स्कर्व्ही होती, ताज्या अन्नाच्या अभावाची. पुढं जनावरं कापायची वेळ आली तेव्हा गोरे घोड्याचं मांस खाऊ लागले आणि त्यातून त्यांना ताज्या मांसातलं क जीवनसत्त्व थोडंफार मिळालं. बहुसंख्य देशी शिपायांनी धर्माच्या कारणानं ते नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली गेली, पण काहींनी खायला सुरुवात केली तोपर्यंत एप्रिल उजाडला होता. उलट पांढरं पीठ संपून गोऱ्यांनाही आट्याची भाकर खावी लागली, तेव्हा त्यांची बेरीबेरी थांबली. वैद्यकीय प्रमुख पॅट्रिक हेहिर यांनी या सगळ्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या पुढं युद्धचौकशीत मांडल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. शरण गेलेल्यांत या तीन पलटणींचे शिपाईही होते, आणि बंदिवासातली त्यांची पायपीट हा आणखी वेगळा आणि काळा अध्याय आहे.

फुंकच्या नावाला वस्तू मिळाली ती पुन्हा बटाव्हियातच. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ या दोघांनी शेकडो किलो कोंड्यातून चिमूटभर शुद्ध स्फटिक काढले. आइकमननं त्यांची पारख केली. १९२९ चं नोबेल त्याला इंग्रज शास्त्रज्ञ हॉपकिन्ससोबत मिळालं, पण तो इतका आजारी होता की स्टॉकहोमला जाऊ शकला नाही, आणि पुढच्याच वर्षी वारला. ग्रेन्सला काही मिळालं नाही, आणि ते खटकतं. विष आहे म्हणणाऱ्याला पदक आणि विष नाही, उणीव आहे, हे दाखवणाऱ्याला तळटीप. फिलिपाइन्समध्ये तरुणपणी कोंड्याच्या काढ्यानं मरणारी बाळं सावरताना पाहिलेला अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यानं १९३६ मध्ये हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवलं. त्यात गंधक आहे हे स्पष्ट झाल्यावर त्याचं थायमिन हे नाव रूढ झालं.

आपल्याकडे बेरीबेरी कुठं होती? मद्रास इलाख्याच्या उत्तरेकडे, गंजामपासून खाली नेल्लोरपर्यंतच्या तेलुगू किनाऱ्यावर ती एकोणिसाव्या शतकापासून ठाण मांडून होती. कोकणात, मलबारात, बंगालच्या मोठ्या भागात ती रुजली नाही. कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख एक्रॉइड आणि त्यांचे सहकारी यांनी १९३० च्या दशकात याचा तपशील तपासला आणि १९४० मध्ये भारतातल्या तांदळाच्या प्रश्नावर अहवाल छापला. त्यांना दिसलं की उकडा खाणारे लोक गरीब असले आणि तांदूळ गिरणीचा असला तरी बेरीबेरीपासून वाचतात. तेलुगू किनाऱ्यावरचे लोक कच्चा, म्हणजे न उकडलेला, गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ खात, तो अनेकदा धुवून पाणी टाकून देत, आणि त्यांना हा रोग होई. शिफारस सरळ होती. उकड्याला उत्तेजन द्या, पॉलिशवर मर्यादा घाला. पण कच्च्या तांदळाची चव आणि रंग ज्यांच्या जिभेला व डोळ्याला बसला होता, त्यांना उकड्याचा वास सहन होईना, आणि गिरणीवाले गिऱ्हाइकाला हवा तितका पांढरा दाणा देत राहिले.